तालुक्याच्या ठिकाणी कापडाचे चक्र बसवायचे तर सुरुवात कुठून करावी?

धागादोरा (आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. वापरून झालेला कपडा उकिरड्यावर न जाता त्यापासून पुन्हा तंतू, पुन्हा सूत आणि पुन्हा कापड व्हावे, यालाच कापडउद्योगातील चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात आणि तिच्याविषयी गेली काही वर्षे पुष्कळ लिहिले-बोलले जात आहे. आपल्या भागात मात्र हा विषय ‘जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवा’ या सल्ल्यापलीकडे जाताना दिसत नाही. पिशव्यांना माझा विरोध नाही; पण फाटलेली पिशवीही शेवटी उकिरड्यावरच जाते, तेव्हा तिच्यामुळे कपड्याचे आयुष्य वाढले एवढेच म्हणता येईल.

एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, कपड्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा हाताळला जातो, असा ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेचा २०२२ चा अंदाज आहे. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक घराघरांतल्या जुन्या कपड्यांचा असून ४० टक्क्यांवर वाटा गिरण्यांतील आणि शिवणकामातील टाकाऊ मालाचा आहे.

आमच्या बचतगटातील महिला शाळेचे गणवेश, परकर आणि ब्लाउज शिवतात. २०२४-२५ साली राज्यभर एकसारखे गणवेश बचतगटांकडून शिवून घेण्यात आले, तेव्हा अनेक गावांत एकाच रंगाच्या कातरणीचे ढीग साचले. त्यातले काही चुलीत गेले, काही नालीत गेले आणि पहिल्याच पावसात नाली तुंबली. घंटागाडीवाला कातरण घेत नाही, भंगारवाला तर तिच्याकडे बघतही नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. कापसाचे पीक मुळात चक्राकारच आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. उरलेल्या सरकीतून तेल निघते, ढेप गुरांना जाते आणि शेणखत वावरात परत येते. कपडाही आमच्या आजीच्या पिढीपर्यंत या चक्रातच होता. लुगड्याचे दुपटे, दुपट्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे आणि पोतेऱ्याची माती होत असे. चक्र तुटले आहे ते आजच्या शिवलेल्या कपड्यापाशी. ते तालुक्याच्या पातळीवर सांधता येईल काय, आणि येत असेल तर प्रथम काय हाती घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे. कौतुक नको, अडचणी सांगा.


रिंगफ्रेम (हिंगणघाट)

ताई, सूतगिरणीत नोकरी केलेला माणूस म्हणून लिहितो. गिरणीत टाकाऊ असे जवळपास काहीच नसते. कार्डिंगवर (रुई विंचरण्याच्या यंत्रावर) निघणाऱ्या फ्लॅट स्ट्रिप्स, कोंबरमधून (आणखी बारीक विंचरणाऱ्या यंत्रातून) निघणारे नॉइल म्हणजे आखूड तंतू, सुताची गुंतवळ, हे सर्व वेगवेगळ्या पोत्यांत भरले जाते, त्यांचा भाव ठरलेला असतो आणि ओपन एंडवाले (आखूड तंतू चालणाऱ्या कताई यंत्रांचे मालक) ते घेऊन जाड सूत काढतात. हे घडते, कारण कोणत्या पोत्यात काय आहे हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. कपड्याच्या बाबतीत नेमकी हीच माहिती हरवते.

आता चिंधीचे काय होते ते पाहू. चिंधी कापून दातेरी रोलरच्या यंत्रातून काढली की तिचा पुन्हा तंतू होतो, पण या ओढाताणीत तंतू तुटतात. आपल्या भागातल्या कापसाच्या तंतूची लांबी २८ मिलिमीटरच्या आसपास धरली, तर चिंधीतून निघालेल्या तंतूची सरासरी त्याच्या निम्म्यावर येते. असा आखूड तंतू रिंगफ्रेमवर (नेहमीच्या बारीक सुताच्या कताई यंत्रावर) चालत नाही. त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून ओपन एंडवर जाड काउंटचे सूत काढावे लागते आणि त्याच्या चादरी, सतरंज्या, पोछे, फार तर डेनिमसारखे जाड कापड होते. बनियन-टीशर्टची होजिअरी सैल विणीची असल्याने तिच्यातून तंतू बरा निघतो, घट्ट पॉपलीनमधून कमी निघतो. म्हणून ‘जुन्या शर्टाचा नवा शर्ट’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी यंत्राच्या भाषेत ते अर्धेच खरे आहे.

मात्र एक मोठा फायदा फारसा कुणी सांगत नाही. चिंध्या रंगानुसार निवडल्या तर निघणाऱ्या सुताला रंगवावे लागत नाही. हरियाणातील पानिपतला जुन्या कपड्यांपासून सूत काढतात; तिथला सारा धंदा या रंगनिवडीवर उभा आहे. कापडउद्योगातले सर्वांत घाण पाणी रंगाईतूनच निघते. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तमिळनाडूतील तिरुपूरची रंगाई युनिटे बंद करावी लागली होती, ती नदीत सोडलेल्या याच पाण्यामुळे. तेव्हा रंगाई वाचली तर निम्मे काम झाले, असे मी समजतो.


मापटेप (दारव्हा, जि. यवतमाळ)

धागाकर्त्या ताईंनी गणवेशाच्या कातरणीचा उल्लेख केला आहे, म्हणून शिंप्याच्या मशीनवरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गणवेशाचे कापड बहुधा टेरिकॉट असते, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांची मिसळण. पँटच्या कापडात पॉलिस्टर आणि व्हिस्कोस असते. म्हणजे जो ढीग दिसायला सर्वांत स्वच्छ आणि एकरंगी आहे, तो तंतूच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा आहे. दोन जातींचे तंतू एकाच सुतात पिळले गेले की ते हाताने वेगळे करता येत नाहीत, आणि रसायनाने वेगळे करण्याची सोय आपल्या तालुक्यांत कुठून असणार?

सुती कातरण मिळते ती परकराच्या पॉपलीनची, ब्लाउजच्या अस्तराची आणि टू बाय टूची. पण यांतही हल्ली पॉलिस्टरची भेसळ येते आणि दुकानदार छातीठोकपणे ‘प्युअर कॉटन’ म्हणून ठाण समोर टाकतो. त्यामुळे मी ठाण घेतानाच कडेचे चार धागे काढून काडी लावून पाहतो. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटांत चोळली की हलकी राख उडून जाते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि टोकाला कडक काळा मणी धरते. मिसळीच्या कापडात राखही असते आणि राखेत कणही लागतात. उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळून पाहावा, कारण काही कापडांत ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा असतो.

शिवलेला जुना कपडा याहून त्रासाचा असतो. बटणे, चेन, हुक, कॉलरमधली बक्रम, कमरेचे इलॅस्टिक आणि शिलाईचा पॉलिस्टर दोरा, एवढे सारे उसवून काढायला बाईचा अर्धा दिवस जातो आणि हातात येते पावभर चिंधी. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : जुन्या कपड्यांच्या मागे लागण्याआधी कापणीच्या टेबलावर निवड करा. कात्री चालते तेव्हा कापड कोणते, रंग कोणता, हे समोर असते. त्याच वेळी ते वेगळ्या पोत्यात टाकायला काही खर्च येत नाही. दिवसाअखेर झाडून एकत्र लोटले की मग कुणाचा बापही ते वेगळे करू शकत नाही.


कोरडवाहू (अकोट, जि. अकोला)

मी कास्तकार आहे, कापडातले मला फारसे कळत नाही, पण जुन्या साड्या आमच्या भागात सर्वांत जास्त कुठे जातात ते मी सांगतो. त्या वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) जातात. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी बांबू रोवून त्यांना साड्या गुंडाळण्याची पद्धत आता गावोगावी झाली आहे. याला कुणी पुनर्वापर म्हणेल, आणि ज्याचे पीक वाचते त्याला त्याचे मोलही आहे. मात्र या साड्या पॉलिस्टरच्या असतात. उन्हाने त्या विरतात, वाऱ्याने त्यांच्या चिरफाळ्या होतात आणि रंगीत धागे वेचणीच्या वेळी बोंडांना चिकटून कापसात येतात.

वेचणाऱ्या बाया घरातल्या माणसांचे जुने फुल बाह्यांचे शर्ट साडीवर घालतात, कारण पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) टोके हातांना ओरखडतात. जुन्या कपड्याचा इतका नेमका उपयोग दुसरा मला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण वेचलेला कापूस आपण भरतो प्लॅस्टिकच्या पोत्यांत, तोंडे बांधतो सुतळीने किंवा साडीच्या पट्टीने. त्यातले तुकडे जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करताना) रुईत जातात आणि पुढे कापड रंगवले की ते धागे रंग न धरता ठिपक्यासारखे उठून दिसतात. भारतीय कापसाला परकीय घटकांच्या नावाने बाजारात जे ऐकून घ्यावे लागते, त्याची सुरुवात अशी आमच्या धुऱ्यापासून होते. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने स्वच्छ आणि माग काढता येईल अशा कापसाचा कार्यक्रम सुरू झाला आहे; त्यात बसायचे तर कापूस सुती कापडात गोळा करावा लागेल. तुमच्याकडच्या सुती तुकड्यांपासून वेचणीच्या झोळ्या आणि कापूस बांधायच्या चादरी शिवता आल्या तर त्यांना गिऱ्हाईक आमच्याच गावात आहे. त्यातला धागा चुकून कापसात पडला तरी तो सुतीच राहील. फक्त त्या पांढऱ्या किंवा कोऱ्या कापडाच्या असाव्यात, रंगीत नकोत.


रिंगफ्रेम (हिंगणघाट)

कोरडवाहू भाऊंनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. रुईत आलेला साडीचा एक धागा कार्डिंगमध्ये शेकडो बारीक तुकड्यांत विखुरतो आणि मग तो निवडून काढणे केवळ अशक्य होते.


बाजारभाव (खामगाव, जि. बुलढाणा)

चर्चा छान चालली आहे, पण पैशाचे कुणी बोलत नाही, म्हणून थोडे कडू लिहितो. कातरण वजनाला हलकी आणि आकाराला मोठी असते. ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. गाठ बांधायचे प्रेस नसेल तर खामगावहून पानिपतला माल पाठवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात पानिपतला देशभरातून आणि कांडला बंदरातून परदेशी जुना माल येतो. तिथला व्यापारी आपल्या दोन पोत्यांसाठी भाव पाडूनच बोलणार.

तंत्रज्ञान आले की सर्व सुटेल, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. स्वीडनमध्ये रिन्यूसेल नावाच्या कंपनीने जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यापासून व्हिस्कोससारखा तंतू बनवण्याचा मोठा कारखाना २०२२ साली सुंड्सवाल येथे सुरू केला. मोठमोठ्या ब्रँडांची नावे तिच्या पाठीशी होती. तरीही पुरेशी मागणी आली नाही आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे दुसऱ्या गुंतवणूकदाराने ती सर्क्युलोज या नावाने घेतली. लगदा खराब नव्हता. नव्या तंतूपेक्षा तो महाग पडत होता आणि महाग माल घ्यायची सक्ती कुणावर नव्हती. जिथे एवढी भांडवलवाली कंपनी बसली, तिथे बचतगटाने प्रथम गिऱ्हाईक शोधावे आणि मग यंत्र पाहावे. आपल्याकडे नेहमी याच्या उलट होते : योजनेतून यंत्र येते, उद्‌घाटन होते, आणि मग समाजमंदिरात ते यंत्र ताडपत्रीखाली झाकून पडते.


वैनगंगा (मोहाडी, जि. भंडारा)

बाजारभाव भाऊंचा मुद्दा मान्य आहे, मात्र सर्व माल पानिपतलाच गेला पाहिजे असे नाही. आमच्याकडे मोहाडी-आंधळगाव भागात कोष्ट्यांचे हातमाग अजून चालतात. कोशाच्या (टसर रेशमाच्या) कामात वाया जाणारा तंतू विणकर टाकत नाहीत. तो हाताने कातून त्याचे खरबरीत सूत होते आणि त्याच्या कापडाला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. चिंधीच्या लांब पट्ट्या बाण्यात घालून दरी आणि पायपोस विणण्याची रीत तर जुनीच आहे. त्यासाठी तंतू फाडावा लागत नाही, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि टेरिकॉटचीही पट्टी चालते.

अट एवढीच की कातरण लांब हवी. शिंप्याकडची कातरण बहुतेक त्रिकोणी, बोटभर तुकड्यांची असते. ती मागावर येत नाही. ठाणाची किनार, शेवटचा उरलेला पन्हा, चुकलेली कापणी, असे तुकडे वेगळे ठेवले तर विणकर ते घेतील. आणखी एक गोष्ट : अशा दऱ्यांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून प्रदर्शनात दया दाखवून घेणारी माणसे एकदाच घेतात. दरी घट्ट विणलेली, धुतल्यावर न उसवणारी असेल तर गिऱ्हाईक पुन्हा येते. आपले लोक या फरकाकडे दुर्लक्ष करतात.


माहेरवाशीण (मोर्शी, जि. अमरावती)

सर्वजण शेवटाकडून बोलत आहेत. मी सुरुवातीकडून बोलते. आपल्या लग्नांत आहेराच्या ज्या साड्या दिल्या जातात, त्यांना दुकानदारच ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हणतो. नेसायच्या साड्यांचे कपाट वेगळे असते. ही साडी घडीही न मोडता या लग्नातून त्या लग्नात जाते, मग बारशाला, मग तेरवीला जाते, आणि चार-सहा घरे फिरून घडीवर पिवळी पडली की कोरडवाहू भाऊंच्या धुऱ्यावर पोहोचते. ब्लाउजपीसची गत याहून वेगळी नाही. कुणी नेसावी म्हणून ती विणलेलीच नसते. जे कापड वापरलेच जात नाही त्याच्या पुनर्वापराची चर्चा करण्यापेक्षा ते घेणेच कमी करावे.

हे बोलणे सोपे आणि करणे अवघड आहे, हे मला कळते, कारण आहेर न देणारी बाई भावकीत बोलाची धनी होते. पण काही घरांनी आता पत्रिकेवरच ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असे छापायला सुरुवात केली आहे. काही घरे साडीऐवजी सुती टॉवेल किंवा चादर देतात. ती निदान वापरली जाते आणि शेवटी तिची सुती चिंधीच होते.


धागादोरा (आर्वी, जि. वर्धा)

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या बोलण्यातून मला जे दिसले ते असे की, आपल्याकडे जुन्या कपड्याचा उपयोग करण्याची बुद्धी कमी नाही, शेतमजूर बाईच्या शर्टापासून धुऱ्यावरच्या साडीपर्यंत ती जागोजाग दिसते. कमी आहे ती हातातले कापड कशाचे आहे याची खात्री. आजीच्या गोधडीत काय घालावे याचा विचार करावा लागत नसे, कारण घरात जे होते ते सुतीच होते. जगभर २०२३ साली तयार झालेल्या तंतूंत पॉलिस्टरचा वाटा ५७ टक्क्यांच्या आसपास आणि कापसाचा सुमारे २० टक्के होता, असे टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेची आकडेवारी सांगते. तेव्हा गोधडीची जुनी रीत जशीच्या तशी आणून भागणार नाही. निवड आधी करावी लागेल.

बाजारभाव भाऊ, मागणी नाही हे आजचे खरे आहे. पण युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले आहे, आणि फ्रान्समध्ये तर २००७ पासूनच कपडे बाजारात आणणाऱ्यांना त्यांच्या शेवटच्या विल्हेवाटीचा खर्च उचलावा लागतो. तिकडे माल पाठवणारे आपले कारखानदार उद्या पुनर्वापरित तंतू मागतील. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्र सरकारच्या योजनेतून पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होत असून त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. तेथे सूत, कापड, रंगाई आणि शिवण एकाच आवारात येणार असेल, तर कातरण निवडण्याची आणि गाठ बांधण्याची एक शेड, एक प्रेस आणि चिंधी फाडण्याचे एक यंत्र आराखड्यातच असावे, अशी मागणी आत्ताच करायला हवी. बांधकाम झाल्यावर जागा मिळत नाही. आजूबाजूच्या तालुक्यांतले बचतगट तिथे माल पोहोचवू शकतील, आणि मग पानिपतचे भाडे हा प्रश्नच उरणार नाही.

तोपर्यंत आमच्या गटात चार पोती ठेवण्याचे ठरवले आहे : पांढरे व कोरे सुती, रंगीत सुती, टेरिकॉट, आणि लांब पट्ट्या. पहिले पोते वेचणीच्या झोळ्यांसाठी, शेवटचे मोहाडीकडे. रंगीत सुतीसाठी गादीवाल्यांशी बोलणे चालू आहे; स्वस्त गाद्यांत हल्ली रंगीत वेस्टच भरतात. टेरिकॉटच्या बारीक तुकड्यांना मात्र वाट सापडलेली नाही.


रिंगफ्रेम (हिंगणघाट)

टेरिकॉटचे तुकडे एका रंगाचे आणि कोरडे असतील तर पानिपतवाले ब्लँकेटच्या सुतासाठी घेतात, पण तेही गाठीच्या हिशेबाने. चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्ट्यांत असला कचरा इंधन म्हणून जाळता येतो. नालीत जाण्यापेक्षा ते बरे, तरी त्याला चक्र म्हणू नये. दोन-तीन तालुक्यांच्या गटांनी मिळून एका जिनिंगवाल्याला विचारून पाहावे. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात त्यांचे प्रेस रिकामे असते. एक अडचण आधीच सांगतो : प्रेसमध्ये रंगीत तुकडे राहिले तर पुढच्या हंगामात ते रुईच्या गाठीत जातील, म्हणून मालक सहजी हो म्हणणार नाही. गाठी झाल्यावर प्रेस आणि आवार झाडून देण्याची लेखी हमी द्यावी लागेल.


मापटेप (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, पोत्यांवर नुसते नाव लिहू नका, प्रत्येक पोत्याला आत असलेल्या कापडाची एक चिंधी बाहेरून टाके घालून लावा. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या काही बायांना वाचता येत नाही, पण कापड सगळ्यांना ओळखता येते. आणि नवे ठाण आले की काडी लावून पाहिल्याशिवाय त्याची कातरण सुतीच्या पोत्यात टाकू देऊ नका, बिलावर काहीही लिहिलेले असो. झोळीचे माप कोरडवाहू भाऊंनी इथेच द्यावे. वेचणीला बाया कमरेला बांधतात ती आणि खांद्यावर घेतात ती, दोन्ही. दिवाळीच्या आत शिवून द्यायच्या असतील तर कापड आत्ताच बाजूला ठेवावे लागेल.